आठातला तिसरा

“कारागीर कुठाय?”

म्हाताऱ्याने काउंटरवर गाठोडं ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढला नाही. गाठोडं एका जुन्या सोलापुरी चादरीचं होतं, चारी टोकांना गाठ मारलेलं.

“आत आहे,” काका नेहमीसारखं म्हणाले. “काय झालंय ते सांगा. मी विचारून येतो.”

“विचारून नको ओ. मला त्यालाच बघायचंय. ही वस्तू मी कुणाच्या बी हातात देणार नाही.”

पडद्यामागे बसून मी एका रेडिओचं पोट उघडलं होतं. पडदा म्हणजे खरोखरचा पडदा, निळ्या फुलांचा, काकूंनी शिवलेला. तीन वर्षं मी त्याच्यामागे बसत होते. कन्ना चौकातल्या त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शिवप्पाकाका ‘कारागीर आत आहे’ एवढंच सांगायचे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी मिशीवाला इसम उभा राहायचा. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा माझा, हात माझे, चटकेही माझे. पण बाई टीव्ही उघडते म्हटलं तर लोक पुढच्या दुकानात जातील, असं काकांचं म्हणणं. वडील गेल्यावर काकांनीच मला शिकवलं होतं, त्यामुळे तोंड वर करून बोलायची सोय नव्हती.

त्या दिवशी मात्र माझं डोकं तापलं होतं. १९९९ चा मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि आत पंखा नाही, कारण पंख्याने सोल्डर नीट बसत नाही. मी पडदा बाजूला केला आणि सरळ बाहेर आले.

“मीच कारागीर. काय आणलंय?”

काकांनी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. बोटांवर भाजल्याचे डाग होते. “बरं,” तो म्हणाला आणि गाठ सोडायला लागला.

आतून निघाला एक कॉम्प्युटर. आत्ताच्यासारखा नव्हे. टाइपरायटरएवढा करडा डबा, वरच बटणं, मागे टीव्हीला जोडायची वायर आणि बाजूला कॅसेटचा टेपरेकॉर्डर लावायची. असली घरगुती यंत्रं मी फक्त जुन्या मासिकांत पाहिली होती. सोलापुरात तसला दुसरा असेल तर मला ठाऊक नव्हता.

“मस्कतहून आलेला आहे,” म्हातारा म्हणाला. “शहाऐंशी साली. बायकोच्या भावानं पोरांना खेळायला आणला होता.”

त्यांचं नाव मल्लेशम सामलेटी. साखर पेठेत घर. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, मागांवर ज्या चादरी निघत, त्यांतल्या कित्येकांवरचे मोर, हत्ती, कमळं त्यांच्या नावावर होती. काका त्यांना नावाने ओळखत होते, चेहऱ्याने नव्हे. नाव ऐकताच त्यांनी स्वतः स्टूल पुसून दिलं.

“अण्णा, तुमची मोराची चादर आमच्या पोरीच्या लग्नात आली होती की!”

अण्णांनी मान हलवली, पण त्या कौतुकाने ते खुलले नाहीत. खिशातून त्यांनी एक कॅसेट काढली. “यात त्या मोराचं डिझाइन आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथाबरोबर गाडीवर माग चढवतात, ठाऊक असेल. मिरवणूक चालू असताना विणलेलं वस्त्र देवाला वाहतात. यंदा त्याचा काठ मोराचा असावा असं पंच मंडळी म्हणाली. मी शब्द दिलाय. पत्ते उंदरांनी खाल्ले. आता डिझाइन आहे ते एवढ्यातच.”

पत्ते म्हणजे भोकं पाडलेले पुठ्ठे. माग ते पुठ्ठे वाचतो, भोक असेल तिथला दोरा वर उचलतो, आणि त्यातून मोर उतरतो. पत्ते पाडायला डिझाइन हवं. डिझाइन कॅसेटमध्ये. आणि कॅसेट वाचणारा हा एकच डबा पाच मिनिटांत मान टाकत होता.

मी गाठोड्याच्या चादरीकडे बोट दाखवलं. “अण्णा, मोर तर यावरच आहेत. भिंग लावून कापडावरूनच उतरवून घ्या की. तुम्हाला काय अवघड आहे?”

“कापडात सगळं नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“कॅसेटमध्ये पुरं आहे. कापडात पुरं नाही. मला पुरं पाहिजे.”

याहून जास्त ते बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. हट्टी माणसांशी माझं चटकन जुळतं, कारण मीही त्यातलीच.

आत नेऊन आम्ही यंत्र दुकानातल्या टीव्हीला जोडलं. काका दारात उभे. अण्णांनी एक वही काढली. तिच्यात यंत्र सुरू कसं करायचं ते लिहिलेलं होतं, तेलुगूत, गोल गोल अक्षरांत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वहीत बघून अण्णा एका बोटाने बटणं दाबायला लागले. एक बटण सापडायला त्यांना अर्धं मिनिट लागत होतं.

“अण्णा, यावर तुम्हीच डिझाइनं काढायचात ना?” मी चेष्टेने विचारलं.

“लई वर्षं झाली,” ते म्हणाले आणि पुढचं बटण शोधायला लागले.

कॅसेट फिरू लागली. किर्र आवाज सुरू झाला. आधी चित्राचा प्रोग्राम, मग डिझाइन. सगळं मिळून सात मिनिटांचं काम. पाचव्या मिनिटाला टीव्हीच्या पडद्यावर मोराचा तुरा उमटला, मग मान, मग पिसाऱ्याचा वरचा भाग. छोट्या छोट्या चौकोनी ठिपक्यांचा मोर. मी पुढे वाकून बघत राहिले. आणि तेवढ्यात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या रेघा उमटल्या. सारख्या अंतरावर, काटेकोर. मोर गजांमागे गेल्यासारखा दिसायला लागला. यंत्र जागच्या जागी थिजलं.

“रोज असंच,” अण्णा म्हणाले. “इथवरच येतो. पुढं येत नाही.”

थंड झाल्यावर पुन्हा केलं, पुन्हा तेच. ओलं फडकं लावून, हाताने वारा घालून पाहिलं, तर मोर एक बोट खाली आला आणि थांबला. कॅसेटची नक्कल दुसऱ्या कॅसेटवर उतरवली, तर नकलेचा आवाज यंत्र ओळखेना. आणि मूळ फीत प्रत्येक वेळी टेपरेकॉर्डरच्या हेडवर थोडी तपकिरी भुकटी सोडत होती. म्हणजे ती झिजत होती. किती वेळा चालेल याचा भरवसा नव्हता.

“आता कॅसेट लावायची नाही,” मी म्हणाले. “आधी यंत्र.”

मी झाकण उघडलं आणि अण्णांना समजावायला लागले. तेव्हा मला समजावून सांगायची भारी हौस होती. “ही आठ चिपांची रांग बघा. ही याची स्मरणशक्ती. ठिपके आठ-आठच्या गटाने साठवतात. प्रत्येक गटातला एकेक ठिपका एकेका चिपेकडे. यातली एक तापली की विसरायला लागते. ती काढून दुसरी लावायची.”

“आठ,” अण्णा म्हणाले.

“हो. आठ.”

तंत्रनिकेतनाच्या भंगारातून मी पूर्वी एक मेलेला बोर्ड उचलून आणला होता. त्यावर त्याच जातीच्या दोन चिपा धड होत्या. दोनच. बाकीच्या जळून गेलेल्या. मुंबईहून मागवायच्या तर मिळतील की नाही, आणि केव्हा, याला उत्तर नव्हतं. शिवाय यंत्रातल्या चिपा सोल्डरने पक्क्या बसवलेल्या. एकेकीला सोळा पाय. काढताना बोर्डावरची तांब्याची एक पट्टी उचकटली तरी कायमचं नुकसान. म्हणजे चुकायची मुभा एकदाच.

दुसऱ्या दिवशी मी ती मुभा वापरून टाकली.

यंत्र चालू ठेवून मी एकेका चिपेवर बोट टेकवून पाहिलं होतं. रांगेतली शेवटची इतकी तापली होती की बोट ठेववेना. ‘हीच ती,’ असं मी काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. अण्णा शेजारी बसून पडद्यावरच्या रेघांकडे पाहत होते. त्यांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. “मॅडम, त्या रेघा जरा...”

“थांबा हो अण्णा, आता हात गुंतलाय.”

दुपारभर खपून मी सोळा पाय सोडवले, चिप काढली, नवी बसवली. यंत्र लावलं. पाच मिनिटं गेली. रेघा आल्या. तशाच, त्याच अंतरावर.

मग माझ्या ध्यानात आलं. शेवटच्या चिपेच्या शेजारीच वीजपुरवठ्याची उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी होती. चिप स्वतः तापत नव्हती; शेजारणीच्या तापाने भाजत होती. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे दिसलं असतं. मी सोल्डर ओढायचा पंप टेबलावर आपटला.

“तुमची कॅसेटच खराब असेल,” मी अण्णांवर खेकसले. कॅसेट तर आज लावलीही नव्हती. खोटं बोलताना माणूस किती मूर्खासारखं बोलतो, ते मला तेव्हा कळलं.

दारातून काका म्हणाले, “काय करालीस गं नंदे? जमत नसलं तर सांग तसं. उगी अण्णांची वस्तू...”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, पण पाणी ते पाणी. अण्णा उठले, काकांना म्हणाले, “शिवप्पा, जरा चहा सांगा की,” आणि काका गेल्यावर माझ्याकडे न बघता पुढे बोलले, “माझ्या बापानं मला पहिल्या दिवशी मागावर बसवलं, तेव्हा मी सातशे दोरे तोडले होते. बाप काय बोलला नाही. म्हणाला, आता सातशे गाठी मार. गाठी मारता मारता दोरा कळतो.”

मी नाक पुसलं. चहा आला. तो पिऊन अण्णा घरी गेले. जाताना म्हणाले, “उद्या सकाळी येतो. रेघा तशाच राहू द्या.”

सकाळी ते आले ते एक पितळी भिंग घेऊन. काडेपेटीएवढं, घडीचं, खाली चौकोनी खिडकी. कापडावर ठेवून एका इंचात किती दोरे आहेत ते मोजायचं भिंग. पूर्व भागात ते कित्येकांच्या खिशात असतं.

“यंत्र लावा,” ते म्हणाले. “कॅसेट नको. नुसत्या रेघा येऊ द्या.”

पाच मिनिटांनी रेघा आल्या. अण्णा टीव्हीसमोर गुडघे टेकून बसले आणि ते भिंग त्यांनी थेट टीव्हीच्या काचेवर ठेवलं. एक डोळा मिटला. ओठ हलायला लागले. मोजत होते तेलुगूत. मी हसणार होते, पण हसू आलं नाही.

“काल मी हेच सांगत होतो अम्मा,” ते म्हणाले. मॅडमची अम्मा केव्हा झाली ते मला कळलंही नाही. “आमच्या मागावर वरती हूक असतात. एकेक हूक एकेक दोरा उचलतो. एखादा हूक अडकला, तर कापडात एका जागी भोक पडत नाही. वरपासून खालपर्यंत उभी रेघ येते. आणि मोर दहा असले तर दहाही मोरांत येते, प्रत्येकाच्या त्याच पिसात. नवखा माणूस दहा दोष मोजतो. दोष एकच असतो. मोर मोजायचे नाहीत. पीस मोजायचं.”

मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

“पडद्याच्या डाव्या कडेपासून मोज. एक साधा, दोन साधा, तिसरा खराब. मग पाच साधे. पुन्हा एक, दोन, तिसरा खराब. सगळ्या पडद्यावर तसंच. तू आठ म्हणालीस ना परवा? प्रत्येक आठात तिसरा. तुझ्या आठ जणींत तिसरी विसराळू आहे.”

भिंगातून मला ते दिसलं. तीन दिवस त्या रेघा माझ्यासमोर होत्या, आणि मी त्यांना नुसता बिघाड म्हणत होते. त्या रेघाच पत्ता सांगत होत्या. मी बोट भाजून घेत बसले होते आणि यंत्र ओरडून सांगत होतं की तिसरी, तिसरी.

मी उठले. रांगेतल्या तिसऱ्या चिपेवर पंप टेकवणारच होते, आणि हात थांबला. तो आदल्या दिवशीच्या चुकीने थांबवला, असं मी आजही मानते. चिपा ओळीत बसवल्या आहेत म्हणून त्यांच्या तारा त्याच ओळीत असतील कशावरून? पुस्तक काढलं. मुख्य चिपेचा कोणता पाय आठातला तिसरा ठिपका नेतो ते शोधलं. मीटरची एक सुई त्या पायावर ठेवली आणि दुसरी एकेका चिपेवर फिरवली. पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरीही गप्प. सहावीवर मीटर पीं करून वाजला.

“तिसरा दोरा सहाव्या हुकावर बांधलाय,” मी म्हणाले.

“होतं असं,” अण्णा गंभीरपणे म्हणाले. “मागवाल्यानं सोयीनं बांधलेलं असतं.”

सहावी चिप काढायला मी तीन तास घेतले. सोळा पाय, एकेक करून. काकांनी येणाऱ्या गिऱ्हाइकांना हळू आवाजात बोलायला लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी स्वतः पाणी आणून ठेवलं. एकही पट्टी उचकटली नाही. शेवटची उरलेली चिप बसवली. यंत्र लावलं. पाच मिनिटं. दहा. पंधरा. पडदा स्वच्छ होता, धुतल्यासारखा.

“आता लावा कॅसेट,” मी म्हणाले. अण्णांनी ती घातली, बटण मीच दाबलं.

किर्र आवाज. तुरा आला. मान आली. पिसारा आला, आणि तिथे न थांबता उतरत राहिला. पिसाऱ्यातले डोळे, पाय, खालची वेल, वेलीखालची कमळांची ओळ. सात मिनिटांनी आवाज थांबला आणि सगळं डिझाइन यंत्रात बसलं. काका दारातून दोन पावलं आत आले. मी बटण दाबून चित्र खाली सरकवत शेवटपर्यंत नेलं.

अगदी तळाशी, कमळांच्या ओळीखाली, कोपऱ्यात काहीतरी उरलेलं होतं. चार वेटोळी. बारीक, एकमेकांना चिकटलेली, मोराशी किंवा वेलीशी काही संबंध नसलेली. माझं मन खट्टू झालं.

“अजून थोडं बिघडलंय अण्णा. शेवटच्या ओळी खराब आल्यात. फीत झिजली असेल. पण घाबरू नका, डिझाइन तर वरच संपतंय. ही घाण मी पुसून टाकते, म्हणजे वस्त्रात...”

माझं बोट पुसायच्या बटणावर होतं. अण्णांनी माझं मनगट धरलं. घट्ट. हाड दुखेल इतकं.

“हात लावू नकोस!”

मी दचकून हात मागे घेतला. अण्णा पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं, पहिल्या वेटोळ्यावर, आणि एकेक तेलुगू अक्षर वाचलं.

“बा. ला. म. णी.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

“माझी बायको,” अण्णा म्हणाले. “दोन वर्षं झाली जाऊन. पोरांनी चार दिवस खेळून हा डबा टाकून दिला. हिनं पुस्तकातला प्रोग्राम एकेक अक्षर बघून उतरवून घेतला. इंग्रजी येत नव्हतं. आकार बघून बटणं दाबायची. स्वयंपाक झाला की बसायची. मोर तिचा. हत्ती तिचा. कमळ तिचं. मी फक्त पत्ते पाडले.”

काका खाली बघत होते.

“प्रत्येक डिझाइनच्या शेवटी ती आपलं नाव काढायची. आणि पत्ते पाडताना तेवढ्या ओळी मी सोडून द्यायचो. बाईचं डिझाइन म्हटलं तर कारखानदार घेणार नाहीत, असं मला वाटायचं. मी सांगायचो, माझं आहे. लोक माझं म्हणायला लागले. मग मलाच माझं वाटायला लागलं.”

“त्या कधी काही बोलल्या नाहीत?” मी विचारलं.

“एकदाच. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा तिनं उलटीपालटी करून बघितली. म्हणाली, खालच्या ओळी कुठं गेल्या? मी म्हणालो, जागा कमी पडली.” अण्णांनी पुन्हा काचेवर बोट ठेवलं. “पुढच्या डिझाइनमध्ये तिनं अक्षरं अजून लहान काढली. जागा पुरावी म्हणून.”

मी त्या चार अक्षरांकडे पाहिलं. किती बारीक होती ती. एक मिनिटापूर्वी मी त्यांना घाण म्हणाले होते आणि पुसायला निघाले होते.

“गेल्या वर्षी माझा सत्कार झाला,” अण्णा म्हणाले. “शाल मिळाली. घरी आलो, तिच्या फोटोसमोर ती शाल ठेवायला हात होईना. तेव्हापासून हे यंत्र चालू करायला बघतोय. वहीत तिनंच लिहून ठेवलंय कसं चालू करायचं ते. माझ्यासाठी. मी कधी शिकलो नाही.”

त्यानंतर तीन दिवस अण्णा आमच्या दुकानात बसून पडद्यावरचा मोर चौकटीच्या कागदावर उतरवत होते. ठिपक्याला चौकोन, चौकोनाला ठिपका. यंत्र एकदाही अडलं नाही. शेवटच्या दिवशी ती चार अक्षरं उतरवताना त्यांनी मला भिंगातून तपासायला लावली. मी एकेक ठिपका दोनदा मोजला.

मी झाकण बसवायला घेतलं तेव्हा त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. “आतल्या बाजूला तुझं नाव लिही.”

“कशाला अण्णा? कोण बघणार आहे?”

“लिही म्हणतो ना. मोठं लिही. जागा भरपूर आहे.”

मी लिहिलं. महानंदा बिराजदार. तीन वर्षांत शेकडो यंत्रं उघडून मिटली होती, पण माझं नाव कशावर लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

नारळी पौर्णिमेला काका स्वतःहून म्हणाले, “चल, अण्णांचं वस्त्र बघून येऊ.” कन्ना चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. रथामागून ती गाडी आली. गाडीवर माग, मागावर अण्णा. नवं धोतर, कपाळाला गुलाल. दोरा नेणारा धोटा इकडून तिकडे पळत होता आणि केशरी काठावर मोर बोटाबोटाने उतरत होता. आमच्यापाशी गाडी थांबली तेव्हा कमळांची ओळ होऊन गेली होती आणि तिच्याखाली तांबड्या दोऱ्यात चार अक्षरं आली होती. लहान, पण स्पष्ट. आता ती मला वाचता येत होती.

खालून कुणीतरी पंच मंडळींपैकी ओरडलं, “वा अण्णा! डिझाइन अजून तुमचंच!”

अण्णांनी धोटा थांबवला. माग थांबला तसे लोकही वळून बघायला लागले.

“माझं नाही,” ते म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, आधी तेलुगूत, मग मराठीत. “डिझाइन बालामणीचं. हे पण आणि आधीची सगळी पण. तेरा वर्षं मी खोटं बोललो. काठावर नाव आहे, वाचा.”

काही जण हसले, त्यांना वाटलं म्हातारा बायकोच्या आठवणीने भावुक झाला. काहींनी माना फिरवल्या. पण गाडीजवळ उभ्या असलेल्या बायका पुढे सरकल्या. एकीने काठाजवळ तोंड नेऊन ती अक्षरं मोठ्याने वाचली, मग दुसरीने वाचली, आणि ते नाव मागे मागे जात राहिलं. अण्णांनी डोळे पुसले नाहीत. हात मोकळे नव्हते; धोटा पुन्हा सुरू झाला होता.

सोमवारी मी नेहमीसारखी पडद्यामागे बसले होते. बाहेर कुणीतरी टेबलफॅन घेऊन आलं. “शिवप्पा, कारागीर आहे का?”

“आहे की,” काका म्हणाले, आणि मी ‘आत आहे’ या पुढच्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले. ते आले नाहीत. पडद्याच्या कड्या खळखळल्या. काकांनी तो एका बाजूला ओढला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून दांडीसकट उतरवून हातात घेतला.

“ही आमची महानंदा,” ते म्हणाले. “काय ते तिलाच सांगा.”

तो माणूस जरा चाचरला. मग त्याने पंखा माझ्यासमोर ठेवला.

अण्णा जाऊन आता बारा वर्षं झाली. मी त्यांचे आभार मानायला एकदा पेढे घेऊन गेले होते, तर ते म्हणाले, कशाचे? मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. त्यांचं पितळी भिंग माझ्या टेबलावर आहे. दुकानाच्या पाटीवर आज माझं नाव आहे, वीतभर अक्षरांत. रंगाऱ्याने विचारलं होतं, बाई, एवढं मोठं कशाला? मी त्याला म्हणाले, जागा आहे ना, मग काढ.